चढणीच्या माशाची वाट

मृगाचा पहिला दमदार पाऊस होऊन ओढ्याला गढूळ पाणी आले, की आमच्या लहानपणी घरात दोन कामे एकदम निघत. मोठी माणसे तिफण, चाडे, बियाणे काढून बसत आणि आम्ही पोरे आजोबांच्या जुन्या धोतराचे पान घेऊन ओढ्याकडे पळत असू. मांजरेचा मासा ओढ्यात चढायचा तो याच चार-दोन दिवसांत. गुडघाभर पाण्यात धोतराची टोके दोघांनी धरायची, तिसऱ्याने वरून पाणी ढवळत यायचे. धोतर उचलले की त्यात चिल्लर उधळल्यासारखे मासे उडायचे. पोटे अंड्यांनी टच्च भरलेली. मासे निवडताना आई म्हणायची, "गाभण्या दिसतेत रे सगळ्या." आम्हाला त्याचे काय! गाभोळीचा मासा चवीला जास्तच चांगला.

आता त्याच ओढ्याच्या काठी उभे राहिले की त्या धोतराचा हिशेब लागतो. अलीकडे एका पावसाळ्यात गावी गेलो होतो. ओढ्याला पाणी होते, पोरेही होती. धोतराऐवजी त्यांच्या हाती मच्छरदाणी होती. मासा मात्र ओंजळभर निघाला, आणि त्यातला अर्धा चिलापी. काठावर आमच्या गावचे भोई आबा बसले होते. वय ऐंशीच्या पुढे, आयुष्य सगळे मांजरेच्या पाण्यात गेलेले. त्यांना म्हटले, "आबा, मासा कुठं गेला हो?" आबा म्हणाले, "मास्तर, मासा जातोय कुठं? त्याची वाट गेली. वाट ऱ्हायली असती तर मासाबी ऱ्हायला असता."

आबांच्या या एका वाक्याचा अर्थ उलगडून सांगावा, एवढ्यासाठी हा लेख लिहायला बसलो आहे.

मासाही पेरणी करतो

शेतकरी वाफसा पाहून पेरतो, तसा मासा नवे पाणी पाहून अंडी घालतो. उन्हाळाभर तो नदीच्या खोल डोहात तग धरून असतो. पहिला लोंढा आला, पाणी गार आणि गढूळ झाले, प्रवाह वाढला, की त्याला कळते की आता वेळ झाली. मग तो धारेच्या उलट निघतो. वरच्या अंगाला पाणी उथळ असते, काठचे गवत बुडालेले असते, पिलांना खायला बारीक किडे-शेवाळ भरपूर असते आणि मोठे खादाड मासे कमी असतात. म्हणजे आपण रोपासाठी वाफा निवडतो, तसाच हा वाफा. पाऊस ओसरला की पिले पाण्याबरोबर खाली नदीत येतात आणि पुन्हा डोह गाठतात.

यात तीन गोष्टी लागतात. उन्हाळ्यात डोह, पावसाळ्यात चढायला मोकळी वाट, आणि अंडी घालून पिले हिंडती होईपर्यंत थोडी उसंत. या तिन्ही गोष्टी आमच्या नांदेड-लातूरच्या नद्यांतून एकामागून एक कशा गेल्या, ते पाहण्यासारखे आहे.

मांजरेचा फेरा

आधी नदी समजून घेऊ. मांजरा बीड जिल्ह्यात पाटोदा तालुक्यातल्या बालाघाटाच्या डोंगरात उगवते. धनेगावच्या धरणात थांबून ती लातूर जिल्ह्यातून जाते, वाटेत तेरणेला पोटात घेते, मग कर्नाटकात बीदरकडे आणि तिथून तेलंगणात उतरते. एवढे झाल्यावर ही नदी चक्क उत्तरेकडे वळते आणि देगलूर-बिलोलीच्या शिवेवरून पुन्हा आमच्या नांदेड जिल्ह्याला येऊन भेटते. उदगीरकडची तिरू लेंडीत, लेंडी मांजरेत, कंधारकडची मन्याडही मांजरेत. शेवटी कंदकुर्तीच्या संगमावर मांजरा गोदावरीला मिळते. म्हणजे लातूरच्या ओढ्यातला मासा आणि नांदेडच्या गोदेतला मासा हे एकाच भावकीतले. पूर्वी त्यांचे येणे-जाणे असायचे.

त्याहून नवलाची गोष्ट अशी, की या भावकीचे काही नातेवाईक थेट समुद्रात असत. अहीर नावाचा सापासारखा लांब मासा जुन्या भोई मंडळींना ठाऊक आहे. पुष्कळजण त्याला वांबच समजतात, पण वांब वेगळी. वांबेच्या पाठीवर काटे असतात, अहिराच्या नसतात. अहीर वाढतो नदीत, पण अंडी घालायला खोल समुद्रात जातो. त्याची बोटभर पिले खाडीत शिरून नदीने वर चढतात. गोदावरीतला मोठा झिंगाही असाच. त्याच्या पिलांना सुरुवातीचे दिवस खाडीचे मचूळ पाणी मानवते, मग ती वर चालू लागतात. मात्र गोदावरीच्या मुखाजवळ धवळेश्वरमला आर्थर कॉटन या इंग्रज इंजिनिअरने १८५२ साली बांध पुरा केला. पुढे मांजरेवर १९३१ साली निजामसागर पुरा झाला. गोदावरीवर पोचमपाडचा श्रीरामसागर आला, आणि नांदेडजवळ असर्जनला विष्णुपुरीचा प्रकल्प. धरणे बांधली म्हणून आपली शेते भिजली, ऊस पिकला, नांदेड शहराला पाणी मिळाले. धरणाला नावे ठेवण्यात अर्थ नाही. पण समुद्राकडून येणाऱ्या पाहुण्यांची दारे यांनी बंद केली, हेही खरे.

कर्नलच्या वहीतली मराठी नावे

आमच्या माशांची नावे आम्ही विसरत चाललो आहोत, पण जगातल्या पुस्तकांत ती पक्की नोंदलेली आहेत. ही हकिकत मोठी मजेची आहे. इंग्रजी अमलात मुंबई सरकारकडे कर्नल विल्यम हेन्री साईक्स नावाचा अधिकारी होता. दख्खनची आकडेवारी गोळा करणे हे त्याचे काम. जमीन, पिके, माणसे, गुरे मोजता मोजता त्याने भीमा आणि मुळा-मुठेच्या काठी कोळी-भोयांकडून मासे मागवले आणि "याला काय म्हणता?" असे विचारून नावे टिपून घेतली. १८३९ साली त्याने दख्खनच्या माशांवरचा आपला लेख लंडनमध्ये छापला, आणि शास्त्रीय नावे देताना कित्येक ठिकाणी मराठी नावच उचलून ठेवले.

म्हणून आज जपानचा किंवा अमेरिकेचा शास्त्रज्ञ आमच्या मळ्या माशाला 'गारा मुल्या' म्हणतो. दगडाला ओठ चिकटवून शेवाळ खरवडणारा हा मासा आपल्या ओढ्यांत असतो. शिंगटी म्हणजे 'मिस्टस सींगटी'. खडशी, म्हणजे मोठ्या खवल्यांचा दख्खनी महसीर, झाला 'तोर खुद्री'. 'लेबिओ बोग्गट', 'पुंटियस फुलुंगी' ही नावेही त्याच वहीतली. अहिराला मात्र त्याने आपल्या वरिष्ठाचे, एल्फिन्स्टन साहेबाचे, नाव लावले. पुढे ते टिकले नाही. साहेबाचे नाव गेले आणि भोयांनी सांगितलेली राहिली!

त्या काळी आपला मराठवाडा निजामाकडे होता. निजामाच्या राज्यातही मत्स्य खात्याने १९४० नंतरच्या वर्षांत माशांची पाहणी केली. महमूद आणि रहिमुल्ला यांनी निजामाबाद जिल्ह्यातल्या माशांची यादी १९४७ साली प्रसिद्ध केली. तेच मांजरेचे शेवटचे पाणी. आता लातूर जिल्ह्यात उदगीरला मत्स्यविज्ञान महाविद्यालयच आहे, आणि नांदेडच्या विद्यापीठाच्या परिसरातली प्राणिशास्त्राची मुले दरवर्षी तलावांवर जाऊन मासे मोजतात. म्हणजे विद्या दारात आली आहे. मात्र नाव विचारावे तर सांगणारा भोई आबा ऐंशीच्या पुढे गेला आहे आणि त्याचा नातू पुण्याला कंपनीत आहे.

एक सांगून ठेवतो. माशाचे नाव वीस कोसांवर बदलते. आमच्याकडचा शिवडा पलीकडच्या तालुक्यात दुसऱ्याच नावाने ओळखला जातो. तेव्हा वरच्या नावांवरून कोणी वाचकांनी भांडू नये. तुमच्या गावचे नाव तुमच्या वहीत लिहून ठेवा.

डोह गेला तेव्हा

आता डोहाची गोष्ट. मराठवाड्याची नदी बारमाही कधीच नव्हती. चैत्र-वैशाखात धार तुटायची, पण डोह राहायचे. वळणावर, खडकाच्या पायथ्याशी, संगमाखाली पुरुष-दोन पुरुष पाणी असायचे. १९७२ च्या दुष्काळातही काही डोह आटले नाहीत, असे जुनी माणसे सांगतात. त्या डोहांतल्या माशांवरच पुढच्या पावसाळ्यात सगळी नदी पुन्हा भरायची. घरात बियाण्याची कणगी असते ना, तसा डोह.

२०१६ साल लातूरकर विसरणार नाहीत. मांजरा धरण कोरडे पडले आणि एप्रिल महिन्यात मिरजेहून 'जलदूत' रेल्वेने पाणी आणावे लागले. शंभराहून जास्त खेपा झाल्या. माणसांना रेल्वेने पाणी मिळाले, पण माशांना कोणती रेल्वे? धरणाच्या भेगाळलेल्या गाळात जे काही उरले ते कावळे-घारींनी आणि आपण उचलले. नशिबाने त्याच वर्षी पावसाने चांगला हात दिला. पाणी परत आले, पण पाण्याबरोबर सगळे मासे परत आले नाहीत, कारण मधले डोह तोपर्यंत भरून गेले होते किंवा उपसले गेले होते.

डोह जातो तो वाळूपायी. नदीतली वाळू ट्रकने शहराला जाते हे सर्वांनाच दिसते. विहिरीचे पाणी खाली जाते म्हणून शेतकरी ओरडतो, ते बरोबरच आहे. परंतु वाळू हे कित्येक माशांचे घर आणि बाळंतपणाची खोली आहे. वांब दिवसा वाळूत तोंडापर्यंत गाडून घेते. मोठा शिंगटा तळाला खड्डा करून त्यात अंडी घालतो. खडशीला स्वच्छ वाळू-गोट्यांवरून वाहते पाणी लागते. वाळू उपसली की खाली चिकणमाती उघडी पडते, पाणी कायम गढूळ राहते, आणि उपशाचा जो खड्डा उरतो तो डोह नसतो. त्यात सावली नाही, कपार नाही, झरा नाही. चार दिवसांत कोणीही जाळे टाकून तो रिकामा करतो. वाळूचा पैसा गावात किती येतो आणि गावाबाहेर किती जातो, हा हिशेब वाचकांनीच करावा.

मरळीचा संसार

सगळ्या माशांत आपल्या लोकांची आवडती मरळ. काटा कमी, मांस घट्ट, बाजारात भाव सर्वांत चढा. आजाऱ्याला ताकद यावी म्हणून मरळीचा रस्सा देतात. मृगाच्या सुमारास हैदराबादला दमेकऱ्यांना जिवंत माशाच्या तोंडातून औषध देतात, तिथे नांदेड-लातूरकडूनही माणसे जातात. तो मासाही बोटभर मरळच. औषधाचा गुण किती, याबद्दल डॉक्टर मंडळी शंका घेतात. आपण त्यात पडायला नको.

मरळीचे वेगळेपण असे, की तिला पाण्यातला आणि पाण्याबाहेरचा असा दोन्ही वारा चालतो. डोक्याजवळ हवा साठवण्याची सोय असते, म्हणून ती मधूनमधून वर येऊन श्वास घेते. तळे आटले तर ओल्या गाळात ती बरेच दिवस काढते. दुष्काळी मुलखासाठी देवाने घडवलेला मासा! मग अशी चिवट मरळ कमी का व्हावी?

कारण तिच्या संसारात आहे. नर-मादी मिळून काठच्या पाणगवतात थाळीएवढी जागा साफ करतात. अंडी तिथे तरंगत राहतात. पिले निघाली की लालसर-नारिंगी रंगाचा त्यांचा घोळका एकत्र फिरतो. पाण्यावर कुंकू सांडल्यासारखे दिसते. खाली आईबाप राखण करत असतात. बेडूक, दुसरा मासा, बगळा जवळ आला की झडप घालतात. पिले काही आठवड्यांनी पांगेपर्यंत ही राखण चालते. आणि हेच तिच्या जिवावर बेतते. लाल घोळका दिसला, की खाली मोठी मरळ आहे हे आपल्याला कळते. त्या घोळक्यात गळाला बेडकी लावून टाकली, की पोरांवर धोका आला असे समजून ती झडप घालते आणि गळाला लागते. एक मासा आपल्या कालवणात येतो. मागे उरलेला तो सबंध घोळका दिवस मावळायच्या आत शिवडा आणि चिलापी मिळून फस्त करतात.

आबांना हे विचारले तर म्हणाले, "आमचे वडील लाल पोरं दिसली की जाळं खांद्यावर टाकून परत यायचे. म्हणायचे, बाळंतिणीला हात लावू नये. आता समदेच गळ टाकतेत. त्याच्या आधी मी न्हाई टाकला तर तो टाकणार, मग मीच का सोडू?" यात आबांचाही दोष काढता येत नाही. तळ्याचा ठेका एकाचा, गळ टाकणारे पन्नास, आणि नदी तर कोणाचीच नाही.

नवे पाहुणे

तळ्यात-धरणात सोडण्यासाठी रोहू, कटला, मृगळ हे मासे आपण आणले. रोहू आणि मृगळ मूळचे उत्तरेकडचे, गंगेच्या खोऱ्यातले. हे मासे साचलेल्या तळ्यात आपण होऊन अंडी घालत नाहीत, त्यांना पुराचे वाहते पाणी लागते. १० जुलै १९५७ रोजी ओडिशात डॉ. हिरालाल चौधरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इंजेक्शन देऊन त्यांचे प्रजनन घडवून आणले. तेव्हापासून मत्स्यबीज हातात आले आणि शेततळ्यात मासे पाळणे शक्य झाले. १० जुलै हा मत्स्य शेतकरी दिन म्हणून पाळतात तो यासाठीच. मच्छीमार सहकारी संस्थांची पोटे या बोटुकलीवर भरतात, ते चांगलेच झाले. फक्त एक झाले. सोडायचा म्हणजे रोहू-कटलाच, असे डोक्यात बसले. आमचा लालसर तांबीर, काळा कानस हेही त्याच जातकुळीतले चवदार मासे, पण ते कोणी मुद्दाम सोडत नाही.

चिलापी म्हणजे तिलापिया हा आफ्रिकेचा मासा १९५२ साली भारतात आणला गेला. हेतू चांगला होता. गरिबाला स्वस्त मासा मिळावा. पण तो वर्षातून अनेकदा अंडी घालतो, पिले तोंडात धरून वाचवतो, आणि काय वाटेल ते खातो. गाजरगवत शेतात जसे माजले तसा हा पाण्यात माजला. थाई मांगूर त्याहून वाईट. नावात थायलंड असला तरी तो आफ्रिकी आहे, आणि इतर माशांची पिले खाऊन टाकतो. केंद्र सरकारने त्याच्या पालनावर बंदी घातलेली आहे. २०१९ साली राष्ट्रीय हरित लवादानेही त्याचे साठे नष्ट करण्यास सांगितले. तरी कोणी चोरून त्याचे बीज विकायला आणले, तर शेततळ्यात घेऊ नका. शेततळे एका पावसात फुटले, की तो मासा ओढ्याने नदीत जातो आणि मग त्याला परत बोलावता येत नाही.

आणि शिवडा? हाच तो मोठ्या जबड्याचा, दांडगा, आमच्या धोतरात कधी मावला नाही असा मासा. जगातल्या निसर्गसंवर्धन संघाने त्याची गणना आता धोक्याच्या यादीत केली आहे. आमच्या डोळ्यांसमोर जो दुसऱ्यांना खात होता, त्याच्यावरच ही पाळी आली.

बायकांनी वाचावे असे थोडे

बाजारात मोठ्या माशाला मान असतो. चिंगळ्या, बारीक खवली, मळे यांना कोणी विचारत नाही. पण पूर्वी आपल्या घरात हेच बारीक मासे उन्हात वाळवून ठेवत आणि आषाढात ज्वारीच्या भाकरीबरोबर तिखटात परतत. काट्या-डोक्यासकट खाल्ले जात. बांगलादेशात शकुंतला थिलस्टेड या बाईंनी अनेक वर्षे अभ्यास करून दाखवून दिले, की असे सबंध खाल्ले जाणारे बारीक मासे मुलांच्या हाडांना आणि डोळ्यांना फार उपयोगी. त्यांत चुना आणि अ जीवनसत्त्व भरपूर. त्यासाठी २०२१ साली त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. गरोदर सुनेला आणि रांगत्या नातवाला जे औषध दुकानातून आणतो, त्यातले काही पूर्वी ओढ्यातून फुकट येत होते.

हे बारीक मासे सर्वांत आधी मरतात ते फवारणीच्या औषधाने. सोयाबीन-कपाशीवर फवारले की पंप ओढ्यात धुण्याची सवय आपल्याला लागली आहे. कीटकनाशकाचा थेंबभर अंश माशाच्या पिलाला पुरेसा होतो. पंप बांधावर, पाण्यापासून लांब, मातीत पाणी जिरेल अशा जागी धुवावा. मोकळी बाटली ओढ्यात फेकू नये. मुद्दाम औषध टाकून, ब्लीचिंग पावडर टाकून किंवा मोटारीची वायर पाण्यात सोडून मासे मारणारे लोकही आहेत. पूर्वीही गेळफळ कुटून टाकत, पण ते एका डबक्यापुरते असे. आताचे विष गुरांच्या पाणवठ्यापर्यंत जाते. वीज सोडणारा तर स्वतःच मरतो, अशा बातम्या आपण वाचतोच. सुरुंग आणि विष यांवर इंग्रजांच्या १८९७ च्या कायद्यापासून बंदी आहे. पण कायद्याला ओढ्याकाठी कोण बघायला येतो?

बर्गे, डोह आणि देव

कोणी म्हणेल, एवढे मोठे धरण समोर उभे असताना गावाने काय करावे? करता येण्यासारखे आहे, आणि ते फुकट आहे.

पहिले म्हणजे बर्गे. कोल्हापुरी बंधाऱ्याच्या दाराच्या फळ्या, त्यांना बर्गे म्हणतात. पावसाळ्याआधी त्या काढायच्या आणि पावसाळा संपताना घालायच्या, असा बंधाऱ्याचा नेमच आहे. बर्गे काढले की पूर निघून जातो, गाळ साचत नाही, आणि माशाला वर जायला दार मिळते. पण कित्येक गावांत बर्गे गंजून अडकलेले, कुठे चोरीला गेलेले, कुठे कोणाच्या लक्षातच नाही. मृगाच्या आधी पाच माणसांनी जाऊन बर्गे काढले, तर बंधाराही वाचतो आणि मासाही चढतो. बंधाऱ्याला धडका देऊन पडणारा मासा दाराखाली टोपल्यांनी गोळा करण्याची जी गंमत चालते, ती मात्र चार दिवस आवरली पाहिजे.

याचेच मोठे उदाहरण नांदेड जिल्ह्यात आहे. धर्माबाद तालुक्यात गोदावरीवर बाभळीचा बंधारा आहे. त्याच्या पाण्यावरून दोन राज्यांचे भांडण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि २८ फेब्रुवारी २०१३ रोजी निकाल लागला. १ जुलै ते २८ ऑक्टोबर बंधाऱ्याचे दरवाजे उघडे ठेवायचे, असे ठरले. शेतकऱ्याला हे जड वाटते, पावसाचे पाणी डोळ्यांदेखत खाली जाते म्हणून. ती तक्रार तिच्या जागी खरी आहे. न्यायालयाने हे माशांसाठी केलेले नाही. पण चढणीचा काळ नेमका तोच येतो, आणि खालचा मासा त्या दिवसांत बाभळीच्या दारातून वर येऊ शकतो. वर मात्र बळेगाव आणि आमदुरा बंधारे, आणि त्यांच्या वर विष्णुपुरी.

दुसरे म्हणजे देवाचा डोह. महाडजवळ वाळणकोंड आहे, तिथे देवीच्या नावाने मासा मारत नाहीत. वाड्याजवळ वैतरणेकाठी तिळसेश्वराच्या डोहातही तसेच. हे सगळे कुठल्या खात्याने केलेले नाही, गावाने केले आहे. आपल्या मराठवाड्यात नदीकाठी महादेवाची देवळे काय कमी आहेत? देवळाखालचा एक डोह, वळणापासून वळणापर्यंत, कोणी जाळे टाकायचे नाही आणि वाळू काढायची नाही, एवढे ठरवले तर दुष्काळात बियाण्याची कणगी घरात राहील. ज्यांचा देवावर भाव नाही त्यांनी ग्रामसभेत ठराव करावा. मासे दोन्ही चालवून घेतात.

महसीरच्या बाबतीत लोणावळ्याला टाटांच्या वीज कंपनीने वळवणच्या तलावाजवळ उबवण केंद्र काढले. डॉ. चं. वि. कुलकर्णी यांच्यासारखे मत्स्यशास्त्रज्ञ त्यात पडले आणि खडशीची बोटुकली तयार होऊ लागली. ती पुढे अनेक राज्यांतल्या पाण्यांत गेली. म्हणजे हरवत चाललेला देशी मासा पाळून वाढवता येतो. मग तांबीर, कानस, मरळ यांचे बीज आमच्या उदगीरच्या महाविद्यालयाने आणि मच्छीमार संस्थांनी मिळून मांजरेसाठी का तयार करू नये? रोहू-कटलाबरोबर दहा टक्के देशी बोटुकली सोडा, अशी मागणी संस्थेच्या सभासदांनी वार्षिक सभेत केली तर कोणाचे नुकसान होत नाही. मात्र वाळू आणि डोह सांभाळले नाहीत, तर वरून कितीही पिले ओतली तरी ती उन्हाळा काढणार नाहीत.

त्या दिवशी संध्याकाळी आबांबरोबर ओढा चालत वर गेलो. कंधारला राष्ट्रकूटांच्या काळचा जगत्तुंग सागर आहे, त्याच्यापुढे आमचे गावतळे म्हणजे डबकेच. पण काठाला पाणगवत दाट होते. आबा एकदम थांबले आणि बोट दाखवले. गवताच्या कडेला पाणी लालसर हलत होते. बोटाच्या पेराएवढी शेकडो पिले, एकत्र वर येत, एकत्र खाली जात. मागून काळी सावली एकदा वर आली, फुसकन वारा घेतला आणि बुडाली. एवढी मोठी मरळ मी बऱ्याच वर्षांत पाहिली नव्हती.

मागून आलेल्या पोरांपैकी एकाने खिशातून गळाची दोरी काढली. आबांनी त्याच्याकडे नुसते पाहिले आणि विचारले, "कुणाचा रे तू?" पोराने बापाचे नाव सांगितले. आबा म्हणाले, "तुझ्या आज्याला विचार, या दिवसांत तळ्यावर कोण येतं ते. पोळ्याच्या पाडव्याला ये, मी सोता तुला गळ लावून देतो." पोराने दोरी गुंडाळून खिशात घातली आणि आम्ही सगळे अंधार पडायच्या आत गावाकडे वळलो.